बाबांच्या रिपोर्टमध्ये नसलेला मार्कर : मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि मूलपेशी

गोदाकाठ | ३ फेब्रुवारी, रात्री ११:४०

बाबांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात झालं. गाठ सिग्मॉइडमध्ये होती, म्हणजे गुदाशयाच्या अलीकडच्या वळणावर. काढलेल्या लिम्फ नोडपैकी दोनांत कर्करोगाच्या पेशी सापडल्या, म्हणून तिसरा टप्पा. आता केमो चालू आहे. त्यातल्या ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधामुळे गार काही सोसत नाही. यंदाचा नाशिकचा गारठा, त्यात सकाळी नळाला हात लावला की बोटांतून करंट गेल्यासारखं होतं म्हणतात. स्टीलच्या पेल्यालाही कापड गुंडाळून देतो.

धागा काढायचं कारण मात्र माझा पुण्याचा चुलतभाऊ. बाबांवर फार जीव आहे त्याचा. रिपोर्ट वाचून त्याचा फोन आला, "ताई, यात सीडी१३३ आणि एलजीआर५ कुठे आहेत? स्टेम सेलचे मार्कर बघितलेच नाहीत, तर आजार उलटणार की नाही ते कसं कळणार? ब्लॉक दुसऱ्या लॅबला पाठवू या." (स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, ज्यांच्यातून बाकीच्या पेशी तयार होतात. मार्कर म्हणजे पेशी ओळखायची खूण, सीडी१३३ आणि एलजीआर५ या तशाच खुणा. ब्लॉक म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा.) मी कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवते, पण त्या क्षणी मला त्याला नीट सांगता आलं नाही. ते मनाला लागलं. मग बाबा झोपले की रोज रात्री वाचत बसले. जे समजलं ते मराठीत लिहून ठेवते, कारण हे मराठीत शोधलं तेव्हा मला बहुतेक जाहिरातीच सापडल्या.

सुरुवात निरोगी आतड्यापासून करते. मोठ्या आतड्याचं अस्तर सपाट नसतं. त्यात लाखो बारीक खळगे असतात, त्यांना क्रिप्ट म्हणतात. विहीर डोळ्यांसमोर आणा. तळाशी मोजक्या मूलपेशी. त्या विभागतात, त्यांच्या लेकी विहिरीच्या भिंतीवरून वर सरकत जातात, सरकताना आणखी काही वेळा विभागतात, मग पक्व होऊन कामाला लागतात. कुणी पाणी शोषते, कुणी चिकट स्राव सोडते. चार-पाच दिवसांत काठाला पोचतात आणि झडून जातात. म्हणजे आठवड्याभरापूर्वीचं अस्तर आज जवळजवळ उरलेलं नसतं. कायम राहतात त्या तळाच्या मूलपेशी.

इथेच कर्करोगाचा धागा लागतो. चार दिवसांत झडणाऱ्या पेशीत जनुकीय बिघाड झाला तरी तो तिच्यासोबत वाहून जातो. बिघाड वर्षानुवर्षं साठायचा तर जी पेशी वर्षानुवर्षं राहते तिच्यातच साठणार. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत पहिला बिघाड एपीसी या जनुकात होतो. एपीसीचं काम बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाला आवर घालण्याचं. आवर सुटला की विंट हा संदेश, जो फक्त विहिरीच्या तळाशी मिळायला हवा, तो पेशीला आतूनच अखंड मिळत राहतो. 'तू तळाशीच आहेस, विभागत राहा' असा तो संदेश. पुढे केरास, पी५३ अशा जनुकांतले बिघाड एकावर एक चढतात. साध्या पॉलिपचा, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या कोंबाचा, कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. ही बिघाडांची साखळी फिअरॉन आणि फोगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये मांडली.

तळाच्या त्या सडपातळ पेशी चेंग आणि लब्लाँ यांनी १९७४ मध्येच वर्णन केल्या होत्या. पण त्यांना ओळखायची खूण हाती नव्हती. ती २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर यांनी दाखवली : एलजीआर५. उंदरांत त्यांनी एलजीआर५ असलेल्या पेशींना आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांना रंग दिला. काही दिवसांत तळापासून काठापर्यंत रंगीत पट्टा उमटला, आणि महिने गेले तरी पुसला गेला नाही. म्हणजे त्याच मूलपेशी. २००९ मध्ये त्याच गटाने पुढचा प्रश्न विचारला. एपीसी नेमकं या पेशींतच मोडलं तर काय होतं? काही आठवड्यांत गाठी वाढल्या. तेच एपीसी भिंतीवर चढणाऱ्या अल्पायुषी पेशींत मोडलं, तर बारीक पुंजके झाले आणि तिथेच अडले. तीस आठवड्यांनीही मोठी गाठ क्वचितच. हा प्रयोग मी वर्गात शिकवला होता. घरात पेशंट असताना तो पुन्हा वाचणं फार वेगळं होतं.

आता माझ्या भावाचा सीडी१३३. आतड्याच्या कर्करोगात तोही २००७ मध्येच पुढे आला. टोरांटो आणि रोम इथल्या दोन गटांनी माणसांच्या गाठींतल्या पेशी वेगळ्या करून, ज्यांची प्रतिकारशक्ती काढून घेतली आहे अशा उंदरांत सोडल्या. टोरांटोच्या मोजणीत सरसकट पेशी घेतल्या तर सत्तावन्न हजारांत एक पेशी नवी गाठ सुरू करू शकली. सीडी१३३ असलेल्या निवडून घेतल्या तर २६२ मध्ये एक. आकडा वाचून कुणालाही वाटेल की सापडला चोर. पण २००८ मध्येच दुसऱ्या गटाने दाखवलं की सीडी१३३ आतड्याच्या पक्व पेशींवरही असतो, आणि यकृतात पसरलेल्या कर्करोगातल्या सीडी१३३ नसलेल्या पेशीही नवी गाठ करतात. २०१० मध्ये आणखी एक गुंता पुढे आला : नेहमी वापरली जाणारी अँटीबॉडी (खूण शोधून तिला चिकटणारं प्रथिन) सीडी१३३ प्रथिनावर चिकटलेल्या साखरेसह असलेली खूण ओळखते. पेशी पक्व झाली की ती खूण झाकली जाते, प्रथिन मात्र जागेवरच असतं. मग लॅबच्या रिपोर्टवर 'निगेटिव्ह' आलं तर त्याचा अर्थ काय लावायचा?

माझं मत सगळ्यात जास्त बदललं ते २०१७ च्या दोन प्रयोगांनी. कॅलिफोर्नियात आणि टोकियोत दोन गटांनी गाठीतल्या फक्त एलजीआर५ पेशी वेचून मारायची सोय केली. मुळं उपटली की झाड मरेल अशी अपेक्षा. तसं झालं नाही. कॅलिफोर्नियाच्या प्रयोगात मूळ गाठ वाढायची थांबली, पण विरली नाही. टोकियोत माणसाची गाठ आधी आकसली, आणि मारणं थांबवल्यावर पक्व झालेल्याच पेशी मागे फिरल्या, पुन्हा एलजीआर५ दाखवू लागल्या आणि गाठ वाढली. मग २०२० मध्ये दिसलं की उंदरांत दुसऱ्या अवयवात जाऊन रुजणाऱ्या बहुतेक पेशी एलजीआर५ नसलेल्या असतात. तिथे पोचल्यावर त्यांच्यातून एलजीआर५ पेशी तयार होतात. २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या गटाने ऑपरेशननंतर यकृतात लपून राहणाऱ्या पेशींवर ईएमपी१ ही वेगळीच खूण दाखवली. त्या उंदरांत वेळीच मारल्या तर आजार उलटला नाही.

म्हणून भावाला मी एवढंच सांगितलं : मार्कर म्हणजे पेशीच्या गळ्यातलं आजच्या कामाचं ओळखपत्र. उद्या काम बदललं की ती ते उतरवून ठेवते. बाबांच्या ब्लॉकमध्ये नोव्हेंबरातल्या एका दिवसाची ओळखपत्रं आहेत. त्यावरून केमोचा एकही डोस बदलणार नाही. ब्लॉक पाठवला नाही.

चुकलं असेल तर जाणकारांनी सांगावं.

---

सिडकोवासी | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

दोनदा वाचलं. विहिरीमुळे चित्र डोळ्यांसमोर आलं. एक शंका. माझ्या सासऱ्यांचं दर तीन महिन्यांनी सीईए करतात. तोही स्टेम सेल मार्करच का?

गोदाकाठ | ४ फेब्रुवारी, दुपारी १:०५

नाही. सीईए रक्तात मोजतात, आणि तो गाठीतल्या सर्वसाधारण पेशींकडूनही येतो. तो १९६५ पासून माहीत आहे. उपचारानंतर तो चढू लागला की आजार परतला का ते शोधायला मदत होते, म्हणून दर तीन महिन्यांनी बघतात. तो चुकवू नका. सिगारेट ओढणाऱ्यांत थोडा जास्त असू शकतो, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

पिंपळगावचा बागाईतदार | ४ फेब्रुवारी, रात्री ९:२०

ताई, मी बारावी शेतकी. पेशी-बिशी फार कळत नाही, पण २०१७ चा प्रयोग वाचला आणि बाग आठवली. वेलीचा शेंडा मारला की बगलफूट निघते. शेंडा असतो तोवर बगलेतले डोळे गप्प असतात. शेंडा गेला की त्यातला एखादा पुढे होतो आणि तोच शेंडा होऊन बसतो. तुमच्या एलजीआर५ चं तसंच का?

माझा थोरला भाऊ याच आजाराने गेला. ४८ व्या वर्षी निदान झालं. रक्त पडायचं ते वर्षभर मूळव्याध म्हणून अंगावर काढलं. गावात मलम मिळालं, पुड्या मिळाल्या. बोट घालून तपासावं असं कुणालाच वाटलं नाही. निदान झालं तेव्हा यकृतात गेलेलं होतं.

गोदाकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री १०:५०

दादा, भावाचं वाचून फार वाईट वाटलं.

बगलफुटीचं उदाहरण मी उद्या वर्गात सांगणार आहे. मूलपेशी तळाची जागा अडवून असतात तोवर इतरांना तिथे शिरता येत नाही. त्या गेल्या की जागा रिकामी होते, तळाचा संदेश दुसऱ्या कुणाला मिळतो आणि ती मूलपेशी होऊन बसते. एक फरक आहे. तुमच्या वेलीवर बगलेतला डोळा आधीपासून डोळाच असतो, फक्त झोपलेला. इथे पूर्ण उमललेलं पान मागे फिरून डोळा होतं. निरोगी आतड्यातही हे घडतं. रेडिएशनने किंवा जखमेने तळाच्या मूलपेशी मेल्या तर वरच्या पेशी खाली येऊन अस्तर पुन्हा उभं करतात. आपल्याला वाचवणारी सोय आहे ही. कर्करोग तीच वापरतो.

स्लाइडखाली | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नाशिकमध्येच. लेखातलं विज्ञान बरोबर आहे. दोन गोष्टी जोडते आणि एका ठिकाणी मतभेद नोंदवते.

एक : एलजीआर५ ची खात्रीची अँटीबॉडी मिळणं हीच मोठी अडचण राहिली आहे. संशोधनात म्हणूनच बऱ्याचदा प्रथिनाऐवजी त्याचा आरएनए स्लाइडवर रंगवतात. शिवाय एलजीआर५ हे जनुक विंटच्या हुकमाने चालू होतं. एपीसी मोडलेल्या गाठीत विंट सदा चालूच, मग एलजीआर५ वाढलेलं दिसणारच. 'वाढलंय' म्हणजे 'मूलपेशी वाढल्यात' असा अर्थ तिथे परस्पर काढता येत नाही.

दोन : घरच्यांनी रिपोर्टमध्ये खरोखर काय शोधावं ते लेखात यायला हवं होतं. प्रत्येक रुग्णात एमएमआरची, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी, चार प्रथिनं बघावीत : एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. यातलं एखादं गायब असेल तर दोन दारं उघडतात. ते लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यात चालत आलेला, कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकीय दोष असू शकतो, मग भावंडांची आणि मुलांची तपासणी आली. आणि अशा गाठींवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारा उपचार, चांगली चालते. २०२२ मध्ये गुदाशयाच्या अशाच कर्करोगाच्या पहिल्या बारा रुग्णांत डोस्टारलिमॅब या एकाच औषधाने सगळ्यांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली होती. आजार पसरलेला असेल तर केरास, एनरास आणि बीरॅफ या जनुकांच्या तपासण्या हव्यातच. केरास किंवा एनरास बिघडलेलं असेल तर सेटुक्सिमॅब या औषधाचा उपयोग होत नाही. उगाच पैसे जातात आणि अंगावर पुरळ उठतं.

मतभेद : मूलपेशींच्या शोधातून रुग्णाच्या हाती काहीच आलं नाही असा सूर लेखात जाणवला, तो मला पटत नाही. २०१६ मध्ये पिएरो दालेर्बा आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला. मूलपेशीची खूण शोधण्याऐवजी पक्वतेची खूण कोणत्या गाठीत नाही ते बघितलं. ती खूण सीडीएक्स२. ती आमच्याकडे नेहमीच रंगवतात, स्वस्त आहे. ज्या थोड्या गाठींत ती पूर्ण गायब असते त्या जास्त आक्रमक निघाल्या, आणि दुसऱ्या टप्प्यातल्या अशा रुग्णांना, ज्यांना एरवी बहुधा केमो देत नाहीत, केमोचा फायदा होतो असं त्या आकडेवारीत दिसलं. ती जुन्या नोंदींवरून काढलेली आहे, म्हणून त्यावरच उपचार ठरवत नाहीत. पण मूलपेशींच्या प्रश्नाशिवाय हे कुणाला सुचलंच नसतं.

गोदाकाठ | ५ फेब्रुवारी, रात्री ११:१५

डॉक्टर, मान्य. मी भावाला उत्तर देण्याच्या भरात एकाच बाजूने लिहिलं. सीडीएक्स२ चं मला माहीत नव्हतं. बाबांचा रिपोर्ट काढून पाहिला : एमएमआरची चारही प्रथिनं शाबूत, सीडीएक्स२ पॉझिटिव्ह. इतके दिवस ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती ओलांडून जात होते.

एक विचारते. सूज आणि मूलपेशी यांचा संबंध तुमच्या पाहण्यात येतो का? २०१३ चा एक प्रयोग वाचला. त्यात विंटसोबत सुजेचा एनएफ-कप्पा-बी हा संदेश चढला तर वरच्या पक्व पेशीसुद्धा मूलपेशींसारख्या वागून गाठ सुरू करतात. म्हणजे सुरुवात तळातूनच होते असंही नाही.

स्लाइडखाली | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहणारा आजार. त्याच्या रुग्णांत, आजार जुना झाल्यावर, आम्ही नेमकं तेच शोधत असतो. तिथे नेहमीचा गोल पॉलिप दिसेलच असं नसतं, सुजलेल्या सपाट अस्तरातच बदल होतात. म्हणून त्यांची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) निदानानंतर साधारण आठ वर्षांनी सुरू करून ठरावीक काळाने करत राहतात. तळातून वर की वरून खाली, हा वाद जुना आहे. मला वाटतं दोन्ही वाटा खऱ्या आहेत.

सातपूरची लेक | ७ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

माझा अनुभव लिहिते म्हणजे दुसऱ्या कुणाचं नुकसान टळेल. आईला चौथ्या टप्प्यात असताना एका ठिकाणी 'स्टेम सेल थेरपी' सुचवली. जागेचं नाव घेत नाही. म्हणाले, कर्करोग स्टेम सेलमुळे होतो असं आता सिद्ध झालंय, आम्ही चांगल्या स्टेम सेल सोडतो, त्या वाईट स्टेम सेलना हटवतात. मामाने जमिनीचे पैसे आणले होते. तीन इंजेक्शनं झाली. त्या दोन महिन्यांत केमो बंद ठेवला होता. आई गेली. मामा आजही मला सांगतो की आपण पैसे कमी पडू दिले नाहीत. मी त्याला काय सांगू.

गोदाकाठ | ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४५

काही सांगू नका त्यांना. त्यांनी बहिणीसाठी जमीन मोडली, ते खरंच आहे.

पण इतरांसाठी स्पष्ट लिहिते. गाठीतल्या मूलपेशी शोधणं आणि शरीरात मूलपेशी सोडणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. नाव सारखं आहे म्हणून माणसं फसतात. 'चांगल्या मूलपेशी वाईटांना हटवतात' याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगात काहीही आधार नाही. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्यता आहे ती रक्ताच्या ठरावीक आजारांतल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारख्या उपचारांना. बाकी सगळं मंजूर चाचणीतच व्हायला हवं, आणि चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी पैसे मागितले तर तिथून उठा.

स्लाइडखाली | ७ फेब्रुवारी, रात्री ८:००

ताई, आपण लिहिलंत ते बरं केलंत. केमो थांबवायला सांगणं हे त्या इंजेक्शनपेक्षाही वाईट होतं.

पिंपळगावचे दादा, आपल्याला एक विचारायचं राहिलं. आपलं वय किती? आपली स्वतःची कोलोनोस्कोपी झाली आहे का?

पिंपळगावचा बागाईतदार | ७ फेब्रुवारी, रात्री ९:४०

४३. नाही झाली. मला काहीच त्रास नाही मॅडम. भूक चांगली, वजन तेवढंच.

स्लाइडखाली | ८ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

सख्ख्या भावाला झाला असेल तर वयाच्या चाळिशीत, किंवा भावाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी करावी. ४८ वजा १० म्हणजे ३८. आपल्याला पाच वर्षं उशीर झाला आहे. पॉलिपला दुखत नाही. त्रास सुरू होण्याआधीच तो काढता येतो, आणि काढला की वर ताईंनी लिहिलेली ती दहा वर्षांची साखळी तिथेच तुटते. भावाच्या गाठीचा ब्लॉक जिथे ऑपरेशन किंवा बायोप्सी झाली तिथे अजून असेल. त्यावर एमएमआर करून घेता आलं तर आपल्या मुलांसाठीही उपयोगाचं आहे.

पिंपळगावचा बागाईतदार | ८ फेब्रुवारी, रात्री १०:१०

माल उतरतोय आत्ता. मार्चअखेर व्यापारी मोकळा झाला की बघतो.

सिडकोवासी | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:००

दादा, एक दिवस लागतो. आदल्या दिवशी ते औषधाचं पाणी प्यायचं, पोट साफ करायचं, दुसऱ्या दिवशी भूल देऊन अर्ध्या-पाऊण तासात होतं. संध्याकाळी घरी. सासऱ्यांना मीच नेलं होतं. मुंबई नाक्यापर्यंत या, पुढे मी बरोबर येतो.

पिंपळगावचा बागाईतदार | २७ मार्च, रात्री ८:३०

धागा वर काढतो. बायकोने हे सगळं वाचलं आणि मग माल उतरायची वाट बघू दिली नाही. परवा नाशिकला जाऊन आलो. सिडकोवाले साहेब दिवसभर सोबत बसले. दोन पॉलिप निघाले, एक चण्याएवढा, एक जरा मोठा, देठाचा. तेव्हाच काढले. बायोप्सीचा रिपोर्ट मंगळवारी. भावाच्या ब्लॉकसाठी अर्ज दिलाय, वहिनीची सही घेतली.

ताई, बाबांचे हात कसे आहेत?

गोदाकाठ | २७ मार्च, रात्री ११:०५

शेवटचा डोस मागच्या सोमवारी झाला. तळपायाला मुंग्या आहेत अजून. आज सकाळी कुंड्यांना पाणी घालायला त्यांनी स्वतः नळ सोडला. मंगळवारी रिपोर्ट इथे लिहा, मी वाट बघते.